‘हाय’ म्हणजे होकार नव्हे

प्रश्न : काका, मी मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर डिझाइनला आहे. जपानी ग्राहक मीटिंगमध्ये वाक्यावाक्याला ‘हाय’ (त्यांच्या भाषेत ‘हो’) म्हणतात, नंतर तेच मुद्दे पुन्हा काढतात. माझं काय चुकतं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : चुकत काही नाही गं. त्यांचं ‘हाय’ म्हणजे बहुतेक वेळा आपला हुंकार : ऐकतोय, पुढे बोल. म्हणून जे ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठव.

आणि ड्रॉइंगवर प्रोजेक्शनचं चिन्ह, म्हणजे वस्तूच्या बाजू कागदावर कशा मांडल्यात ते सांगणारी खूण, आधी बघ, हे कळकळीनं सांगतो. आपण फर्स्ट अँगल काढतो, म्हणजे वस्तूची उजवी बाजू कागदावर डावीकडे; जपान-अमेरिका थर्ड अँगल, म्हणजे उजवी उजवीकडेच. ते न बघितल्यानं माझ्या हातून टाकीचं नोझल (पाइप जोडायचं तोंड) उलट्या बाजूला गेलं होतं. रात्रभर कापाकापी, पुन्हा वेल्डिंग. आकडेही जपून वाच : जर्मन कागदावरचं १,२५० म्हणजे सव्वा, साडेबाराशे नव्हे; तिथे स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह! तारीखसुद्धा ‘३ एप्रिल’ अशी अक्षरात लिही. ०३/०४ चा अमेरिकेत ४ मार्च होतो.