पिग्मीचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर जातो?

प्रश्न : ताई, आमची पतसंस्था तासगाव भागातली. पिग्मीचे (एजंटकडे रोज भरायच्या छोट्या बचतीचे) अकराशे खातेदार, सात एजंट, शिवाय ठेवी आणि द्राक्षबागायतदारांची कर्जं. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, भरणा झाला, ठेवीची मुदत भरत आली, हप्ता थकला, वाढदिवस आला की मेसेज आपोआप जाईल. संचालकांना सगळंच एकदम चालू करायचंय. सुरुवात कुठून करू?
– एक व्यवस्थापक

उत्तर : पिग्मीपासून करा, आणि पहिले तीन महिने तेवढंच करा.

पिग्मीचे पैसे दुकानदाराच्या गल्ल्यातून एजंटच्या हातात जातात आणि मशीनमधला भरणा शाखेत उतरवला की मग खात्यावर पडतात. तोवर दुकानदाराजवळ एजंटने दिलेली पावती, एवढाच पुरावा. मेसेज ही त्याची दुसरी पावती, आणि ती एजंटच्या हातून येत नाही हेच तिचं मोल. म्हणून रक्कम खात्यावर जमा झाल्यावरच मेसेज सुटू द्या आणि त्यात शिल्लक दाखवा. २०० रुपये देऊन १०० चा मेसेज आला, तर भाजीवाल्या मावशींना त्याच रात्री कळायला हवं.

मात्र मेसेज जातो कुणाकडे, हे आधी बघा. मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होते. मेसेज सुरू होऊन वर्ष झालं तरी काही पिग्मीवाले म्हणायचे, आम्हाला एकही आला नाही. आम्ही नेटवर्कला दोष देत राहिलो. शेवटी नंबर तपासले, तर तेरा खात्यांना एकच मोबाइल, एजंटच्या घरातला. फॉर्म त्यानेच भरून आणले होते. त्यातल्या एका चहावाल्याने मुलीच्या फीसाठी रोज पैसे बाजूला काढले होते. काउंटरशी पासबुक धरून तो नुसता उभा राहिला, ते मला अजून आठवतं. वर्षभर मेसेज बिनचूक जात होते, आणि आम्ही निर्धास्त होतो.

तेव्हा आजच यादी काढा : एकच नंबर दोनपेक्षा जास्त खात्यांना कुठे लागलाय? एकाच घरातली माणसं सोडून बाकीच्यांना शाखेतून भेटा, एजंटला बरोबर न घेता. नंबर बदलायचा तो काउंटरवर, खातेदाराच्या सहीने. आणि बदलला की जुन्या नंबरवरही तसा मेसेज जायलाच हवा.

मजकूर मराठीतच ठेवा. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०. त्यात काना, वेलांटी, जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘पिग्मी’चीच सहा होतात. ‘आज पिग्मी रु. २०० जमा. शिल्लक रु. १४,६००.’ यात ४१ संपतात. उरलेल्या २९ मध्ये संस्थेचं नाव आणि शाखेचा फोन बसवा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे हा साचा डीएलटी या मेसेज-नोंदणीच्या पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नंतर बदलतात ते फक्त रकमांचे आकडे. शेवटी नव्या ठेव योजनेची ओळ चिकटवायचा मोह संचालकांना होईल. ठाम नाही म्हणा. तशी ओळ आली की मेसेज जाहिरातीचा ठरतो, आणि डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावलेल्या खातेदाराची पावतीच अडकू शकते.

हप्त्याचे मेसेज त्यानंतर. ते दिवसअखेर झाल्यावर, त्या दिवसाचा भरणा धरूनच निघावेत. दुपारी पैसे भरून गेलेल्या माणसाला संध्याकाळी ‘थकबाकी’ वाचायला लावू नका. ज्या बागायतदाराने बेदाण्याच्या सौद्यानंतर भरायचं ठरवून कर्ज घेतलंय, त्याला महिन्या-महिन्याला आठवण पाठवणं मला मुळीच पटत नाही. त्याच्या हप्त्याची तारीखच त्याप्रमाणे लावा. जामीनदाराला आपोआप काही पाठवू नका, तिथे तुम्ही स्वतः फोन करा.

वाढदिवसाचे मेसेज नकोतच. ठेवीच्या मुदतीचा मेसेज चांगला, पंधरा दिवस आधी जाऊ द्या. पण तो चालू करण्यापूर्वी सॉफ्टवेअरवाल्यांकडून एक खूण करून घ्या : खातेदार वारल्याची नोंद झाली की त्या नंबरवरचे सगळे मेसेज बंद. अशा ठेवीची मुदत भरत आली, तर वारसाच्या घरी शाखेतलं कुणीतरी जाऊन या.