घोडा घेताना खूर उचलून बघतात

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या पेडल स्टील गिटारीचे फोटो बघितले. सातच्या सात वरून काढलेले. मेपलचं लाकूड आरशासारखं चकाकतंय, तारा नव्याकोऱ्या, नावाची पाटी घासून लख्ख. माळेगावच्या जत्रेत घोडा असाच आणतात, खरारा करून, झूल घालून. घेणारा झुलीकडे ढुंकून बघत नाही. दात बघतो, खूर उचलतो, मग चालवून बघतो. तू त्या विकणाऱ्याला एवढंच सांग की गिटार उलटी करून खालचे फोटो पाठवा. टाळाटाळ करायला लागला तर हे पत्र इथेच घडी करून ठेव.

पेडल स्टील म्हणजे चार पायांवर आडवी मांडलेली, पेडलं आणि गुडघ्याचे लिव्हर दाबून सूर बदलणारी गिटार; तिचा जीव खालच्या बाजूला असतो. मी उभी हयात ऑर्केस्ट्रात हवाइयन गिटार वाजवली. तिच्यात तारांवर धातूची कांडी सरकवली की सगळ्या तारा एकदम सरकतात. पेडल स्टीलमध्ये दोन सूर जागच्या जागी उभे राहतात आणि तिसराच त्यांच्यामधून चालत जातो. 1954 साली अमेरिकेत वेब पिअर्स या कंट्री गायकाचं एक गाणं गाजलं, त्यात बड आयझॅक्स या स्टीलवाल्यानं तार वाजत असतानाच पेडल दाबलं होतं. तिथून सगळ्या स्टीलवाल्यांना पेडल हवं झालं. पण त्या एका सुराच्या चालण्यासाठी खाली केवढा पसारा! पेडल दाबलं की आडवा दांडा फिरतो, त्याला लागलेली सळई तुझ्या उजव्या हाताकडच्या चेंजरला, म्हणजे तारा ताणणाऱ्या-सैल करणाऱ्या यंत्राला ओढते, आणि तार त्यातल्या ज्या धातूच्या बोटावरून गेलेली असते ते बोट हलतं. प्रत्येक ओढीला एक सळई. मोजून घे. खाली मोकळी भोकं आणि वर गुळगुळीत पॉलिश दिसलं तर सळया कुठे गेल्या ते विचार.

प्रत्यक्ष बघायला जाशील तेव्हा सूर दाखवणारा ट्यूनर ने. दहा तारांची, ई-नाइन नावाच्या मिळवणीची असेल तर आधी काहीही न दाबता सगळ्या तारा मिळव. मग चौथी तार, तिचा पाश्चात्त्य सूर ई. तिला उतरवणारा गुडघ्याचा लिव्हर दाब, ई-फ्लॅट येईल. सोड. ट्यूनरची सुई पुन्हा ई वर आली का? किंचित चढी राहिली आणि चढवणारं पेडल एकदा मारल्यावरच जागेवर आली, तर आत काहीतरी अडतंय. एकदा करून खूश होऊ नकोस, दहा वेळा कर. मग पहिलं पेडल: पाचवी आणि दहावी तार बी वरून सी-शार्पला जायला हवी. दुसरं पेडल: तिसरी आणि सहावी जी-शार्पवरून ए ला. आता दोन्ही एकदम दाबून धर आणि जिला कुणी ओढलेलं नाही ती चौथी तार छेड. थोडी उतरेल. चांगल्या गिटारीचीही उतरते, ओढीनं तिचं अंग जरा वाकतं. कानाला खुपण्याइतकी उतरली तर नमस्कार करून निघ. तिसरी तार मात्र तुटली तर घाबरू नकोस, ती तुटतेच. जास्तीच्या दोन खिशात ठेव.

मी माझी घेतली तेव्हा यातलं काही केलं नव्हतं. विकणाऱ्यानं एकाही पेडलला पाय न लावता एक सुरावट ऐकवली आणि मी पाघळलो. घरी आणून उलटी केली तर चेंजरमध्ये तेलाचा चिखल. कुणीतरी हात सैल सोडून तेल ओतलेलं, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ. आपल्या काळ्या रानातली धूळ त्यात मिसळली आणि मे महिन्यात दुसऱ्या पेडलनंतर तार परत यायलाच तयार नाही. तीन रात्री एकेक बोट रॉकेलनं धुतलं. त्या भरात एक ओतीव कडी पापडासारखी मोडली. ती घेऊन चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्यानं तळहातावर उलटीपालटी केली, म्हणाला, “मोटरसायकलच्या ब्रेकची आहे का काका?” मी म्हटलं, गाण्याची आहे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की बस! पण नवी बनवली, पोलादी, आणि ती अजून चालतेय. तो सापडला हे माझं नशीब. आपल्या भागात ही गिटार दुरुस्त करणारा मला आजवर भेटलेला नाही, त्यामुळे तो तूच होणार आहेस हे धरून चाल. इंची मापाच्या ॲलन कीचा संच आधी घे. अमेरिकन गिटार असली तर आपल्या मिलिमीटरच्या चाव्या तिच्यात नीट बसत नाहीत, नुसती स्क्रूची डोकी खातात.

नावाला भुलू नकोस. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांच्या नावांतून शो-बड झालं, मोठं नाव आहे, पण त्यांचं मॅव्हरिक हे शिकाऊ मॉडेल. तीन पेडलं आणि बहुतेकदा गुडघ्याचा एकच लिव्हर. सहा महिन्यांत तुला अपुरं पडेल. एमन्सच्या पुश-पुल या मॉडेलचा सूर गोड, पण तिची मिळवणी इतकी किचकट की पहिलीच गिटार म्हणून ती मी कुणाला सुचवणार नाही. फेंडर कंपनीच्या 400 आणि 1000 या जुन्या मॉडेलांमध्ये सळयांऐवजी केबल असते. खरं सांगू, ती आपल्याकडे दुरुस्त करायला सगळ्यात सोपी. पण तारा आठच आणि शिकवण्या सगळ्या दहाच्या. डबल नेक, म्हणजे तारांचे दोन संच असलेली, नको. ठेवायच्या पेटीसकट तीस किलोच्या आसपास भरते, एसटीच्या डिकीत कोण चढवणार?

चार पाय, पेडलची पट्टी, तिच्या सळया आणि पेटी समोर मांडून घे, “नंतर पाठवतो” ऐकू नकोस. व्हॉल्यूम पेडल सोबत देत असेल तर सावकाश दाबून बघ, खरखरलं तर आतला आवाज कमी-जास्त करणारा पॉट झिजलाय, तो बदलता येतो. अमेरिकेतला ॲम्प्लिफायर गळ्यात मारत असेल तर मागची पाटी वाच. 120 व्होल्टचा असला तर आपल्या 230 वर थेट लावलास की धूर निघेल.

खालचे फोटो आले की लगेच पाठव. फोन दुपारी चारनंतर कर, त्याआधी आमच्याकडे लाइट नसते आणि मोबाइल मेलेला असतो.

तुझा काका