बायकोच्या बोटाचा ठसा माझ्या फोनमध्ये टाकला तर चालेल का?

चालेल, पण तुमचं बोट कुठलं आणि वहिनींचं कुठलं हे फोनला कळत नाही, हे धरूनच टाका. टच आयडीच्या आयफोनमध्ये ५ ठसे बसतात, बऱ्याच अँड्रॉइडमध्येही तितकेच, आणि सगळ्यांना हक्क सारखा. म्हणजे नुसता फोन नाही, बोटाने उघडणारं प्रत्येक ॲप उघडणार. बँकेची बरीच ॲप नवा ठसा दिसला की बोटाचं लॉगिन बंद करून एमपिन मागतात. तो टाकून तुम्ही ते परत चालू केलंत, की त्यांचंही बोट तिथे चालतं! ठशाला 'हिचा अंगठा' असं नाव द्या, काढताना शोधावं लागत नाही. मात्र फोनचा पिन त्यांना माहीत असेल, तर काढलेला ठसा पुन्हा टाकता येतो.