तुर्की छावणीतला कैदी

प्रश्न : युरोपातले सेनानी ऑटोमन (म्हणजे तुर्की साम्राज्याच्या) फौजेला निव्वळ रानटी समजत होते का?

उत्तर : छे! शिव्या प्रवचनांत जास्त. प्रत्यक्ष लढणारे डोळे उघडे ठेवून बघत. माझा आवडता साक्षीदार इटलीतल्या बोलोन्याचा, ऑस्ट्रियाच्या फौजेतला अधिकारी मार्सिली. १६८३ मध्ये तो ऑटोमनांच्या बाजूने लढणाऱ्या तातारांच्या हाती लागला आणि व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्की छावणीतच कॉफी करायला जुंपला गेला. पुढे त्याने ऑटोमन लष्करावर सविस्तर ग्रंथ लिहिला. तो १७३२ मध्ये छापला गेला. (स्तुतिपाठ नव्हे, उणिवाही दाखवल्यात.)

आणि ऑटोमन? त्यांनी धर्म बदलून अहमद पाशा झालेल्या फ्रेंच सेनानी बोनवालकडे उखळी तोफांच्या दलाची पुनर्रचना सोपवली. हाच गृहस्थ १७१६ मध्ये पेत्रोवारादिनच्या (आजच्या सर्बियातल्या) लढाईत ऑस्ट्रियाच्या बाजूने त्यांच्याशी लढून जखमी झाला होता! कसब हवं होतं, मग जुनं वैर कोण उगाळतो?