पगार उतरले, तिकीट का उतरलं नाही?

प्रश्न : एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आहे, तरी तिथली तिकिटं इतकी महाग का?

उत्तर : हाच प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. मालक आणि खेळाडूंचं पगारावरून जमेना, म्हणून 2004-05चा अख्खा मोसम मालकांच्या टाळेबंदीत गेला. 1230 सामने झालेच नाहीत, विजेत्याचा स्टॅनले कप कुणालाच मिळाला नाही. त्या हिवाळ्यात मी टोरांटोत होतो. हॉकीविना शनिवारची रात्र अक्षरशः खायला उठायची. पुढच्या मोसमात प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला 3 कोटी 90 लाख डॉलरची मर्यादा लागली. आता तिकीट उतरेल, असं मला मनापासून वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण तिकिटाची किंमत पगारावर ठरतच नाही. खुर्च्या मोजक्या आणि मागणारे हजारो, मग मालक भाव का पाडेल?

खरं तर गणित उलटं चालतं. मालक आणि खेळाडूंच्या 2013च्या करारापासून हॉकीच्या उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा. उत्पन्न वाढलं की मर्यादाही वाढते. 2025-26मध्ये ती 9 कोटी 55 लाख झाली. उत्पन्न घटलं तर? पगारातला काही भाग आधीच राखून ठेवलेला असतो, त्यातून मालकांची तूट भरली जाते; त्याला एस्क्रो म्हणतात. करोनाच्या 2020-21 मोसमात ही कपात 20 टक्के होती, म्हणजे दर 100 डॉलरमागे 20. खेळाडूंना लोभी म्हणणाऱ्यांनी ती पगाराची पावती डोळ्यांसमोर आणावी. श्रीमंत संघ दुबळ्यांना पैसे देतात, तेही मला योग्यच वाटतं. पण वरच्या रांगेत मुलांना घेऊन बसणाऱ्या प्रेक्षकासाठी या करारात मर्यादा नाही, आणि ती मागायला वाटाघाटीच्या टेबलावर त्याच्या बाजूने कुणी बसतही नाही.