बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या फाउंड्रीत एलईडी लावले तर एनर्जी सेव्हिंग सर्टिफिकेट मिळतं का?

भाऊ, नुसते दिवे बदलले म्हणून मिळत नाही. ही सर्टिफिकेटं पॅट स्कीममधल्या (केंद्र सरकारची एनर्जी बचतीचं टार्गेट देणारी स्कीम) डेझिग्नेटेड कंझ्युमरलाच, म्हणजे सरकारनं नेमून दिलेल्या, भरपूर एनर्जी खाणाऱ्या मोठ्या प्लांटना, तेपण अख्ख्या प्लांटचा टनामागचा एनर्जी खप टार्गेटच्या खाली आला तरच, आणि एका सर्टिफिकेटला साधारण 11,630 युनिट वाचवावे लागतात, त्यामुळे कुणी एजंट 'काढून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर अजिबात देऊ नका. पण एलईडी नक्की लावा! 400 वॅटचा जुना मेटल हॅलाइड दिवा काढून 150 वॅटचा हायबे (उंच शेडसाठीचा एलईडी) लावला की दिवसाला 12 तास, वर्षाला 300 दिवस धरून एका दिव्यामागे 900 युनिट वाचतात, ते थेट हेस्कॉमच्या लाइट बिलात दिसतंय की. फर्नेसजवळ मात्र जास्त टेंपरेचर सहन करणारंच फिटिंग घ्या.