आबांची डबल बॅरल बंदूक घ्यायची म्हणतोयस म्हणून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, फोटोपण बघितले. आबांना आता बंदूक झेपत नाही, त्यांचा मुलगा विकून टाका म्हणतोय, आणि तुला ती घ्यायचीय, कारण एक तर डुकरं आणि माकडं बागेत काही हाताला लागू देत नाहीत आणि दुसरं म्हणजे ती बंदूक तुला लहानपणापासून आवडते. दोन्ही कारणं खरी आहेत, पण दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदाचं बघू. तुझं अजून लायसन नाही ना, मग पैशाची बोलणी आत्ता नकोच. लायसन आधी, बंदूक नंतर. अर्ज ऑनलाइन भरायचा, शस्त्र हाताळण्याच्या ट्रेनिंगचा दाखला जोडायचा, मग पोलिसांची चौकशी होते आणि मंजुरी ओरोसहून जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. याला वेळ लागतो, ती तयारी ठेव. मंजूर झाल्यावर आबांनी जिल्हाधिकाऱ्यांना नाहीतर पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं की मी अमक्याला विकतोय, आणि त्यानंतर कमीत कमी ४५ दिवस गेल्याशिवाय बंदूक हलवायची नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्यातच तसं आहे. मुलगा म्हणेल आत्ता घेऊन जा, कागद मागाहून करू. अजिबात ऐकू नकोस, एक रात्र जरी तुझ्या घरात लायसनशिवाय सापडली तरी तो गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग आहे. आणि लायसन कशासाठी आणि कुठल्या हद्दीपुरतं आहे ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं ते नीट वाच, आपल्याकडे शेतीसंरक्षणाची बरीच लायसन्स नुसती ठासणीच्या बंदुकीची असतात, त्यावर काडतुसाची घेता येत नाही.

आता बंदूक. फोटोवरून काही कळत नाही, ती आबांच्या समोर, त्यांच्याच हातून उघडून रिकामी आहे याची खात्री करून बघायची. पुढचं लाकूड काढ, बंदूक बंद कर आणि दस्ता घट्ट धरून नळ्या डावी-उजवीकडे हलवून बघ. पुढचं लाकूड लावलेलं असताना झीज लपते, काढल्यावर नळ्या खुळखुळल्या तर बिजागरी गेलीय. मग बंदूक उघडायची वरची चावी बघ, नवीन बंदुकीत ती बंद केल्यावर थोडी उजवीकडे राहते, वापरून वापरून मधोमध येते, पार डावीकडे गेली असेल तर खूप झिजलीय. नळ्या पूर्ण सुट्या करून एका बोटावर टांगायच्या आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच टकटक करायचं. जोड पक्का असेल तर घंटेसारखा आवाज लांबत जातो, बद्द आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं झाळकाम सुटलंय आणि आत पाणी शिरून गंज खातोय. उजेडाकडे धरून आतून बघ, खड्डे दिसतात, आणि सावलीची एखादी गोल कडी दिसली तर तिथे नळी फुगलीय. तशी असेल तर विषय तिथेच संपला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे शिक्के, बंदूक कुठली आणि कशी ते त्यांवरून कळतं. आबा म्हणतात ती इंग्लंडची आहे. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बरेचदा अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं बहुतेक ७० मिलिमीटरची. काडतूस आत आरामात बसतं म्हणून माणसाला वाटतं चालतंय, पण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. आणि नळीवर बाहेरून लहरी-लहरीची नक्षी दिसली तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी आहे, ती काळ्या दारूच्या जमान्यातली. त्यात खडकीच्या फॅक्टरीचं आजचं काडतूस घालायचं नाही, आबांनी घातलं असेल आणि काही झालं नसेल तरी नाही. लायसनवाल्या गनस्मिथला दाखव, तो चेंबर मोजून देईल.

सेफ्टीवर पण भरवसा ठेवू नकोस. जुन्या डबल बॅरलमध्ये सेफ्टी लावली की बहुतेक वेळा फक्त चाप अडतो, आतला घोडा ताणलेलाच राहतो, बंदूक हातातून पडली तर बार सुटू शकतो. बांध ओलांडताना, गाडीत बसताना उघडून काडतुसं बाहेर, ही सवय लागल्याशिवाय बंदूक घ्यायचीच नाही.

हे सगळं ठीक निघालं असं समजू. मग तू तिचं करणार काय? लायसन मिळालं म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि गव्याच्या तर वाटेलाच जायचं नाही. आणि रात्रीची शिकार, जिला गावात कुणी गुन्हा मानत नाही, तिला कुणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नकोस. झाडीत काहीतरी हललं म्हणून बार टाकला आणि आपल्यातलाच माणूस गेला, कोकणात अशा बातम्या अधूनमधून येतच असतात रे.

आणि खरी अडचण तर वेगळीच आहे. तू आठवड्यातले पाच दिवस पुण्यात असतोस. डुक्कर काही शनिवार-रविवार बघून येत नाही. तू नसताना बंदूक आईच्या किंवा गड्याच्या हातात देता येत नाही, लायसन तुझं असणार, आणि कुलूपबंद घरात ती ठेवणं मला अजिबात पटत नाही. चोरीला गेली तर पुढे तिच्यातून जे होईल त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. म्हणजे बागेसाठी म्हणून ती आज तुझ्या काही कामाची नाही. तेवढ्या पैशात झटक्याचं सौर कुंपण घाल, जंगलाला लागून असलेल्या गावांना त्यासाठी सरकारी अनुदान आहे, वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचार.

नेमबाजी शिकायची असेल तर क्लबात जा, तिथे उडत्या चकत्यांवर मारायला एकावर एक नळ्या असलेली बंदूक वापरतात, आबांचीवर शिकण्यात मजा नाही.

राहिलं तुझं आवडणं. ते मी हलकं समजत नाही. आबा ती बंदूक पुसायचे ते मी पण बघितलंय. गावात कायमचा राहायला येणार असशील तर जरूर घे, माझी काही हरकत नाही, पण दस्ता पॉलिश करू नकोस, शिक्के घासू नकोस, आणि नळी कापून आखूड करायचं तर मनातही आणू नकोस, तो वेगळा गुन्हा होतो. पण २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि लायसन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, निवडणूक लागली की जमा करा म्हणून बोलावणं येऊ शकतं, हे सगळं नुसत्या आठवणीसाठी करायची तयारी आहे का ते स्वतःला विचार.

तू काहीही ठरव, आबांचं मात्र थांबवू नकोस. ते आहेत तोवरच त्यांनी स्वतः जाऊन बंदूक अधिकृत डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी, म्हणजे मागे मुलाला धावपळ नको. डीलरकडे असली तर तुझं लायसन होईपर्यंत ती तिथे सुरक्षित राहील आणि तुलाही घाई नाही. येत्या शनिवारी येतोयस ना, तेव्हा त्यांना गाडीने घेऊन जा, एवढं लांब बसने जायची त्यांना आता ताकद नाही.